अर्ध्या तोंडाचे गुरुजी

माझ्याबद्दल लोक म्हणतात, बाई मनाची मोकळी आहे पण डूख धरते. खरं आहे ते. मी धरते आणि सोडत नाही. म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणे. मी झाले नाही. ज्याच्यावर हा डूख धरला तो माझ्या गावच्या शाळेतला गुरुजी होता, आणि त्याचं उट्टं मी पुढे सत्तरच्या दशकात, हिंगोलीच्या दवाखान्यात नर्स असताना काढलं. गुरुजींना अहोजाहो करायची आपल्याकडे रीत आहे. तोंडावर मी ती पाळली, लिहिताना पाळणार नाही.

माझं गाव डोंगरकड्याच्या अंगाला. शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शनिवारीच स्वच्छतेची तपासणी व्हायची. नखं, डोकं, दात. आम्ही बौद्धांची लेकरं दाराजवळ बसायचो. बापाने घरातले जुने देव नदीत सोडून भिंतीवर बुद्धाचा फोटो लावला होता आणि आपली जुनी जात संपली असं तो आम्हाला दर दोन दिवसांनी सांगायचा. ही बातमी गुरुजीपर्यंत पोचली नव्हती. बाकीच्या पोरांचा ओठ तो अंगठ्याने वर करून दात बघायचा, एखाद्याचा गालही थोपटायचा. दाराजवळ आला की त्याचा हात पाठीमागे जायचा आणि छडी पुढे यायची. छडीच्या टोकाने तो आमचा ओठ उचलायचा. बाजारात गुराचं तोंड उघडून बघतात तसं म्हणणार होते, पण गुराचंही हातानेच बघतात.

एका शनिवारी छडीचं टोक फुटलेलं होतं. ते माझ्या हिरडीला लागलं आणि भळकन रक्त आलं. त्याने ते बघितलं, छडी भिंतीला पुसली आणि वर्गाकडे वळून म्हणाला, "बघा रे सगळे. जे दात घासत न्हाईत त्यांच्या हिरड्यांतून असं रगत येतं." सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता. मी रोज राखुंडीने दात घासत होते, त्या सकाळीही घासले होते. पण तोंडात रक्त असताना ते सांगणार कसं? त्या दिवसापासून माझं नाव लालतोंडी पडलं आणि शाळा सुटेपर्यंत ते सुटलं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "मारलं तर न्हाई ना? मग जाऊ दे माय." मारलं असतं तर मी जाऊ दिलं असतं. मार अंगावरून उतरतो.

मला एकच गोष्ट हवी होती. हात का नाही, छडी का, हे त्याने सांगावं. उत्तर काय असणार हे गावातल्या कुत्र्यामांजरांनाही माहीत होतं, पण मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, चार लोकांत आणि त्याच्या शब्दांत. नर्सिंगला गेले, पास झाले, पांढरा पोशाख अंगावर चढला, तरी हे मनातून गेलं नाही. माझ्याबरोबरच्या पोरींना लग्नाची स्वप्नं पडायची. मला गुरुजी दिसायचा.

हिंगोलीला नोकरीला लागून थोडे दिवस झाले असतील, तेव्हा नागपूरकडून एक तरुण दातांचा डॉक्टर काही महिन्यांसाठी आला. वरच्या पदवीसाठी त्याला हिरड्यांच्या रोगाचा अभ्यास करायचा होता. लोक ज्याला पायरिया म्हणतात तो. हिरडी न कापता, दातांवरचं आणि हिरडीखालचं किटण नुसतं खरवडून काढलं तर हा रोग हटतो का, हे त्याला बघायचं होतं. आणि हटला असं नजरेच्या भरवशावर म्हणायचं नव्हतं, मोजून दाखवायचं होतं. सुजलेल्या हिरडीतून दाताच्या कडेने पाणी झिरपतं. निरोगी हिरडीतून अगदी नावाला, आजारी हिरडीतून पुष्कळ. टीपकागदासारख्या कागदाचा बारीक तुकडा दात आणि हिरडीच्या फटीत ठेवला की तो हे पाणी पितो. मग त्याच्यावर औषधाचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर जरा शेकायचं. जेवढा कागद भिजला असेल तेवढा जांभळा होतो. तो जांभळा भाग मोजायचा. खरवडण्याआधी एकदा, आणि काही आठवड्यांनी पुन्हा.

तोंडही त्याने वाटून घेतलं होतं. आधी फक्त उजवी बाजू खरवडायची आणि डावी तशीच ठेवायची, म्हणजे एकाच माणसाच्या तोंडात उपचार झालेली आणि न झालेली हिरडी शेजारी शेजारी बघायला मिळते. दुसरी मोजणी झाली की डावीही साफ करून द्यायची, असं त्याने प्रत्येकाला कबूल केलं होतं.

ओठ धरून ठेवणं, कापसाने हिरडी कोरडी करणं आणि कागद फटीत बसवणं ही कामं माझ्याकडे होती. हातमोजे तेव्हा ऑपरेशनपुरते निघायचे. बाकी सगळं साबणाने धुतलेल्या उघड्या हातांनी. ते औषध कातडीवर पडलं की कातडीही जांभळी व्हायची, त्यामुळे माझी बोटं त्या दिवसांत सदा जांभळी असायची. भाकरी थापताना मलाच माझ्या हाताची किळस यायची.

आणि लोक म्हणजे काय सांगावं. कागद लावून रंग बघतात हे ऐकल्यावर सगळ्यांनी ती परीक्षाच धरली. येताना काही लावून येऊ नका, असं बजावूनही हळदीच्या बाजारातले हमाल हिरड्यांना हळद-मीठ चोळून ऐटीत आले. कागद पिवळेधमक निघाले. डॉक्टर कपाळाला हात लावून बसला आणि हमाल एकमेकांना सांगत सुटले की आपलं सोन्यासारखं निघालं. कुणी तुरटीने गुळण्या करून यायचं. बायका मिसरी लावून आल्या की पदराने तोंड पुसून साळसूदपणे म्हणायच्या, "न्हाई लावली बाई, लेकराची आण." आणि दात काळे कुळकुळीत.

खरी अडचण निराळीच निघाली. जवळा बाजार गावची एक म्हातारी कागद लावून झाल्यावर खुर्चीतून उठेना. तिला तो परत पाहिजे होता. म्हणाली, "माझ्या तोंडातलं हाय ते. तुमच्या डबीत काहून ठेवून राहिले? उद्या कोणी करणी केली तर?" कापलेली नखं, विंचरलेले केस आपल्याकडे कुणी उघड्यावर टाकत नाही, मग तोंडातली लाळ परक्याच्या डबीत कशी राहू द्यायची? म्हातारीचं ऐकून बाकावरची सगळी माणसं उठायला लागली. शेवटी मीच तोड काढली. दुसरी मोजणी झाली आणि माणूस डावी बाजू साफ करून घ्यायला आला, की ज्याचे कागद त्याच्यासमोर जाळायचे. डॉक्टर हसला, पण हो म्हणाला. मग लोक यायला लागले.

त्या गर्दीत एक दिवस गुरुजी आला. दिवाळी नुकतीच झाली होती. धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं आणि उपरण्याचं टोक तोंडावर. हिरड्यांतून पू येत होता. पहिल्या बाकावरची पोरं त्याचा वास चुकवायला मागे सरकून बसतात, ही बातमी मला गावाकडून आधीच मिळाली होती आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागलं होतं.

त्याने मला ओळखलं नाही. पांढऱ्या टोपीकडे बघून हात जोडले. मग खुर्चीत बसता बसता, आपल्याकडे सगळे विचारतात तसं विचारलं, "गाव कोणतं म्हणायचं सिस्टर?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"म्हणजे आमच्याच गावच्या की! कोणाच्या?"

मी बापाचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा कसा बदलला ते मी आजही सांगू शकते. आधी ओठ मिटले, मग हात जोडलेले होते ते सुटले. तो डॉक्टरकडे मान वळवून म्हणाला, "साहेब, कागद तुमीच लावा. तुमचा हात हलका हाय."

डॉक्टरने मान वर केली नाही. "कागद सिस्टरच लावतात. सगळ्यांचे त्यांनीच लावले, म्हणून मोजणी सारखी येते. नसेल लावायचा तर पुढच्या माणसाला बसू द्या."

गुरुजी बसून राहिला. मी घसा बघायची लाकडी पट्टी उचलली आणि तिच्या टोकाने त्याचा वरचा ओठ वर केला.

"पट्टी कशाला?" डॉक्टर म्हणाला. "बोटाने धरा ना, रोजच्यासारखं."

"गुरुजींना बोट चालत न्हाई," मी म्हणाले.

डॉक्टरला काही कळलं नाही. बाकावर आमच्या गावची दोन माणसं होती, त्यांना कळलं. गुरुजीचे डोळे छताला लागलेले होते. मी सावकाश काम केलं. मला कसलीही घाई नव्हती. कागद दोन्ही बाजूंनी असे जांभळे निघाले की डॉक्टरने ते उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघितले. मग त्याने उजवी बाजू खरवडली. गुरुजी ओणवा होऊन तसराळ्यात रक्त थुंकत होता आणि ते तसराळं मी धरलं होतं. मला फार बरं वाटत होतं. लपवून काय करू?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. दवाखान्याच्या मागे मी वाळत घातलेले कपडे काढत होते, तिथे येऊन उभा राहिला. आवाज अगदी खाली.

"बाई, तेवढा माझा कागद देऊन टाका."

मला बाई म्हणाला. शाळेत ए पोरी याच्यापुढे तो कधी गेला नव्हता.

"काहून?" मी विचारलं.

"आपलं तोंडातलं हाय. कोणाच्या हाती असावं, कोणाच्या नसावं, काही असतं ना."

भूतबाधा, करणी सगळं खोटं असतं असं हा माणूस आम्हाला शास्त्राच्या तासाला शिकवायचा. त्याच्या डोळ्यांत भीती होती. तो माझ्या बोटांकडे बघत होता, जांभळ्या बोटांकडे, आणि मी ती मुद्दाम चादरीवर पसरून ठेवली. माझ्या हातून त्याचं काही वाईट होऊ शकतं असं त्याला वाटत होतं. उभ्या जन्मात माझ्याबद्दल एवढं मोठं मत कुणाचं नव्हतं.

"गुरुजी, मला एक सांगा," मी म्हणाले. "शाळेत तुमी बाकीच्यांचे दात हातानं बघायचे. आमचे छडीनं काहून बघायचे?"

"असं काही आठवत न्हाई बा."

"मग कागद कोणत्या डबीत हाय ते मलाबी आठवत न्हाई."

तो गेला. जाताना एकदा मागे वळून बघितलं. मी कपडे काढत राहिले.

त्यानंतर तो दुसऱ्या मोजणीला आलाच नाही. त्याचा दिवस ठरला होता, तो गेला, पुढचाही आठवडा गेला. डॉक्टर वैतागला. आधीचे कागद आहेत आणि नंतरचे नाहीत, म्हणजे तो माणूस त्याच्या अभ्यासातून बाद. अशी आधीच बरीच माणसं गळाली होती. त्याने मला विचारलं, "तुमच्याच गावचे ना ते? तुम्ही जा. तिथंच कागद लावून आणा." मी नको म्हणायला हवं होतं का? मला तर वाटलं डॉक्टरने मला साडीचोळी केली. डबी, औषधाची बाटली, स्पिरिटचा दिवा आणि कापूस पिशवीत घालून मी सकाळच्या एसटीत बसले.

आधी घरी गेले. आई म्हणाली, "त्याच्या दारात जाऊन राहिली व्हय? जाऊ दे म्हणलं होतं ना तुला." मी म्हटलं, सरकारी काम आहे. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "तुह्या तोंडावर सरकारी काही दिसत न्हाई." पण चहा प्यायला थांब म्हणून आग्रह केला नाही.

गुरुजी ओसरीवर उन्हाला बसला होता. थंडी चांगली पडली होती, समोर हुरड्याची कणसं होती आणि तो एकेक दाणा उजव्या बाजूने चावत होता. मी अंगणात उभी राहून, शेजारच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं की मला डॉक्टरसाहेबांनी पाठवलंय आणि कागद लावायचे आहेत. गावात नर्स आली की माणसं गोळा व्हायला वेळ लागत नाही. अंगण भरलं. त्याला आता नाही म्हणणं जड गेलं, कारण नाही का म्हणतो हे सांगावं लागलं असतं. त्याच्या ओसरीवर आमच्यातलं कुणी चढत नसे. मी पिशवी घेऊन चढले.

पट्टी मी नेली नव्हती. बोटाने त्याचा ओठ वर केला. त्याने डोळे गच्च मिटून घेतले. उजव्या बाजूला कागद लावला, डाव्या बाजूला लावला. दिवा पेटवला, औषध टाकलं, शेकलं. उजवीकडचा कागद जवळजवळ कोरा राहिला, टोकाला जरासा जांभळा. डावीकडचा भरून जांभळा झाला. मी दोन्ही चिमट्यात धरून वर केले आणि लोकांना दाखवले.

"ही बाजू साफ झाली," मी म्हणाले. "आन् ही घाण हाय अजून."

घाण हा शब्द मी मुद्दाम घेतला. डॉक्टर तो कधी वापरत नसे. अंगणात कुणीतरी हसलं, मग दोघे-तिघे हसले. गुरुजी त्या कागदांकडे बघत होता. शिकलेला माणूस होता, त्याला ते माझ्याआधी कळलं असणार. जीभ डाव्या दातांवर फिरवून त्याने विचारलं, "हे दात जातील का?"

"जातील. हलायला लागलेत. खरवडून घेतलं तर ऱ्हातील."

"मग तुमीच खरवडून टाका."

"मला येत न्हाई. ते साहेब करतात. साहेब पुढच्या सोमवारपर्यंत हायेत हिंगोलीला, मग कायमचे जाणार. सोमवारी या. ओठ मीच धरणार हाय, ते मनात पक्कं करून या."

हे मी स्पष्ट सांगितलं, सगळ्यांसमोर सांगितलं. न सांगता त्याला फसवता आलं असतं. पण मला त्याचे दात पाडायचे नव्हते. मला तो यायला हवा होता, आपल्या पायाने, गरज घेऊन.

सोमवार उजाडला. डॉक्टरचं सामान अर्धं बांधून झालं होतं. ज्यांची डावी बाजू राहिली होती अशी शेवटची माणसं बाकावर होती, हळदीवाले हमाल होते, जवळा बाजारची म्हातारी होती. एकेकाचं होत होतं. मी दाराकडे बघत होते. दुपार झाली तरी तो आला नाही आणि माझ्या डोक्यात तिडीक जायला लागली. भित्रा आहे, म्हटलं. दात गेले तरी चालतील, पण हिचा हात नको. म्हणजे हा इथेही मला छडीच दाखवणार. त्या विचाराने मी एका हमालाचा ओठ एवढा ओढला की तो ओरडला.

उतरत्या दुपारच्या एसटीने तो आला. डावा गाल सुजलेला होता. रात्रभर दाढ ठणकली असणार हे त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. डॉक्टर हात धूत होता. म्हणाला, "बसा, आलोच." तेवढा वेळ मला मिळाला.

मी डबीतून त्याचे चारही कागद काढले आणि एका कल्हईच्या ताटलीत ठेवले. काड्याची पेटी हातात घेतली. बाकावरच्या माणसांना ही रीत माहीत होती, ती बघत होती. म्हातारी तर उठून जवळ आली.

"तुमचे कागद हायेत, गुरुजी. बघून घ्या. आता जाळते," मी म्हणाले. "पण आधी तेवढं सांगा. छडी काहून?"

मी काडी पेटीवर धरून थांबले. मला वाटलं आता तो जात म्हणेल, धर्म म्हणेल, तुम्ही लोक असे नि तसे म्हणेल. मी त्याच्यासाठी तयार होते. इतकी वर्षं मी त्याचीच तयारी केली होती. काय बोलायचं, कोणत्या शब्दाला कोणता शब्द लावायचा, सगळं पाठ होतं.

तो गाल धरून म्हणाला, "सकाळची शाळा ऱ्हायची बाई. थंडीचे दिवस. तुमाले हात लागला की घरी जाऊन परत आंघोळ करा लागे. आई फार कडक होती आमची. पाणी कोण तापवणार दुसऱ्यांदा?"

एवढंच. राग नव्हता त्याच्या आवाजात. माझ्याबद्दल द्वेषही नव्हता. घडलेली गोष्ट सांगावी तसं सांगितलं, आणि वर म्हणाला, "त्याच्यात तुमाले तकलीफ द्यायचा काही इरादा नव्हता."

माझी पाठ केलेली सगळी उत्तरं फुकट गेली. माझ्या हिरडीतून रक्त काढलं, वर्गासमोर माझं तोंड घाण ठरवलं, लालतोंडी म्हणून मला सगळं बालपण तोंड मिटून जगायला लावलं, ते एक बादली गरम पाण्याचा त्रास वाचवायला. माझ्याशी वैर धरण्याएवढीही मी त्याच्या लेखी कुणी नव्हते. मी काडी ओढली. ताटलीतले कागद पेटले, जांभळे आणि पांढरे एकदमच, आणि म्हातारीने समाधानाने मान हलवली.

डॉक्टर येऊन बसला. म्हणाला, "सिस्टर, धरा." मी दोन्ही हातांची बोटं गुरुजीच्या तोंडात घातली, गालाच्या आतून, जिभेच्या कडेला, जिथपर्यंत जातील तिथपर्यंत, आणि धरून ठेवलं. कामाला लागत होती त्याहून जास्त. त्याची लाळ माझ्या मनगटापर्यंत आली. डॉक्टर खरवडत होता, किटणाचे खडे निघत होते, रक्त येत होतं, आणि तो तोंड मिटू शकत नव्हता. काम चांगलं झालं. त्याचे ते दात पुढे बरीच वर्षं टिकले असं मी ऐकलं, आणि मला ते आवडलं नाही.

झाल्यावर डॉक्टरने त्याच्या गालात कापसाचा बोळा दाबला आणि सांगितलं, घरी पोचेपर्यंत बोलायचं नाही, नाहीतर रक्त सुटेल. तो उठला, उपरणं सावरलं. त्याने मला हात जोडले. बाकावर सगळे बसलेले होते. माझे हात अजून ओले होते, मी ते पुसले नाहीत, तसेच त्याच्यासमोर धरले.

"गुरुजी," मी म्हणाले, "घरी गेल्यावर आंघोळ करा बरं का. आन् पाणी गार घ्या."

त्याच्या तोंडात कापूस होता. बोलायची मनाई होती. तो जोडलेल्या हातांनी तसाच उभा राहिला, आणि मी बाकावरच्या म्हातारीला म्हटलं, "चला मावशी, तुमचा नंबर."